मामांच्या भट्टीवर उपग्रह

९ मार्च

ती. मामांस,

नमस्कार. मामीच्या पत्रावरून कळलं की "आमची भाची दिवसभर धूर बघत बसते" असं तुम्ही गल्लीभर सांगत सुटला आहात. त्यावर समोरचा न्हावी म्हणाला म्हणे, की मग माझ्या सासऱ्यालाही तिथे चिकटवा, तोही सिगारेट ओढत दिवसभर तेच करतो. हे सगळं फोनवर नीट समजावलं असतं. पण फोन तुम्ही नेमका बिघडलेल्या कानाला लावता आणि "आवाज येत नाही, पत्र टाक" म्हणून ठेवून देता. तेव्हा घ्या पत्र.

आमची खोली तळघरात आहे आणि तिला एकही खिडकी नाही. आकाशाकडे बघण्याचा पगार घेणाऱ्यांना आकाश दिसत नाही, ही आमची नेहमीची कुरकुर. काम असं, की कुठे जंगल पेटलं की उपग्रह वरून फोटो पाठवतो आणि मी त्या फोटोवर धुराची कड काढते. विरळ कुठे, मध्यम कुठे, दाट कुठे. मग पुढचा फोटो येतो, धूर सरकलेला असतो, पुन्हा कड. अशा कडांवर कडा ठेवून उद्या तो कुठे पोचणार ते सांगायचं. त्यावरून शाळा मुलांना मैदानावर सोडायचं की नाही ते ठरवतात. पहिल्याच आठवड्यात मी एका धुराची फार सुरेख कड काढली होती. आमच्या मोठ्या बाई आल्या, रुमालाने माझा पडदा पुसला, आणि धूर गेला.

एक अडचण मात्र खरी आहे. वरून बघताना धूर दिसतो, पण तो छपरांवर टेकलाय की उंचावरून नुसता चाललाय ते कळत नाही. त्यासाठी खालचं माणूस लागतं. तुमच्या गच्चीवरून टेकडीवरची पाण्याची टाकी दिसते. ती किती स्पष्ट दिसते आणि वास येतो का, एवढं अधूनमधून कळवाल का?

डॉक्टरांचं ऐकून भांडी भाजायची भट्टी बंद केलीत हे वाचून फार आनंद झाला. खरं सांगायचं तर विश्वास बसला नाही, पण आनंद झाला.

तुमची,
भिंगरी


१५ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद आणि एक दुरुस्ती. मी "धूर बघत बसते" म्हणालो नव्हतो, "धुराच्या मागे लागली आहे" म्हणालो होतो. बाकीचं न्हाव्याचं. त्याच्याकडे केस कापायला गेलं की तो गोष्टी वाढवून परत पाठवतो.

टाकी दिसते. टाकीवरचा कावळाही दिसतो. वास येत नाही, तुझ्या मामीच्या उतू गेलेल्या दुधाचा सोडून. हे तिला कळवायचं कारण नाही.

भट्टीचं म्हणशील तर ती थंड आहे. इतकी थंड, की शेजाऱ्यांची मांजर तिच्या तोंडाशी व्याली. जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की माझ्या छातीतून पिपाणी वाजते हे खरं आहे, आणि डॉक्टर म्हणाला की धूर ही गोष्ट तुमच्यासाठी संपली. मी "बरं" म्हणालो. मोठ्या माणसाशी वाद घालू नये. तो माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहे, पण त्याच्या गळ्यात ते रबरी यंत्र असतं.

एवढंच, की फडताळावर शेवटची भांडी कच्चीच उभी आहेत. बंदी यायच्या आधी घडवलेली. रोज जाता-येता माझ्याकडे बघतात. कच्चं भांडं म्हणजे भांडं नव्हे गं, भांड्यासारखा दिसणारा चिखल. पाण्याचा हात लागला की बसलंच. असो.

सहज विचारतो. तुझा तो उपग्रह आमच्या डोक्यावरून जातो कधी?

तुझा,
मामा


२१ मार्च

ती. मामांस,

तुम्ही माझ्या कामाबद्दल आपणहून काही विचारलंत! पत्र मी खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. पिपाणीचा भाग गाळून.

तर ऐका. उपग्रह एक नव्हे, दोन. एक फार लांबून बघतो आणि जागचा हलत नाही. तो दिवसभर फोटो काढत राहतो, पण बारीकसारीक गोष्टी त्याला दिसत नाहीत. दुसरा जवळून फिरतो, त्याची नजर कडक. तुमच्या गावावरून तो दुपारी जातो, जेवणानंतर तुम्ही आडवे होता त्या सुमाराला.

ढग आले की दोघेही आंधळे. शिवाय विरळ धूर भर दुपारी फोटोत दिसतच नाही. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दिसतो, खोलीत कवडसा आला की त्यात धूळ दिसते ना, तसा. म्हणून सकाळी आणि संध्याकाळी आमची धांदल असते आणि दुपारी आम्ही शब्दकोडी सोडवतो. हे मोठ्या बाईंना कळवायचं कारण नाही.

आणखी काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. घरातलं दुसरं कुणी विचारत नाही. आई फक्त एवढंच म्हणते, "तिथे उजेड पुरेसा आहे ना?"

तुमची,
भिंगरी


२६ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. फार माहितीपूर्ण. तुझ्या आईला तुझी किंमत नाही, ती लहानपणापासून अशीच.

काही शंका आहेत. वाळक्या लाकडाचा धूर कमी दिसत असेल आणि ओल्याचा जास्त, बरोबर? समजा, एखाद्या घराच्या मागच्या अंगणातून काही घरगुती कारणाने थोडाफार धूर निघाला, समजा हं, तर तो कडक नजरेवाला पकडेल का? आणि तो गेल्यावर पुन्हा दुसऱ्या दिवशीच येतो ना?

इकडचं म्हणशील तर टाकी दिसते. मांजरीने पिल्लं आपणहून दुसरीकडे हलवली. कुंपणासाठी थोडी लाकडं आणून ठेवली आहेत. तुझी मामी बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिच्याकडे जाते आहे, तेव्हा काही दिवस मी एकटा. काळजी करू नये. भात मला लावता येतो.

उत्तर जरा लवकर टाक.

तुझा,
मामा


२८ मार्च

चि. भिंगरी,

फोनच केला असता, पण ह्यांना ऐकू येत नसलं तरी मी फोनवर बोलायला लागले की समोर बसून माझे ओठ वाचतात. म्हणून मागच्या पडवीत बसून लिहिते आहे.

काहीतरी शिजतंय. परवापासून शीळ घालतायत. लग्नानंतर मी ह्यांना तीनदा शीळ घालताना ऐकलंय आणि तिन्ही वेळा मागाहून मला निस्तरावं लागलं. कुंपणासाठी म्हणून लाकडं आणलीत, आणि ती हातभर लांबीची, उभी फोडून. असलं कुंपण कोण घालतं? मांजरीची पिल्लं टोपलीत घालून ह्यांनीच न्हाव्याकडे पोचवली. मी विचारलं तर म्हणाले, पिल्लांना हवापालट.

तुला हसू येईल, मलाही आलं. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते तुला सांगते. छातीचा जेमतेम अर्धा भाग काम करतोय. तासन् तास भट्टीसमोर बसून धूर घेतला तर घरी परत आणता येईलच असं नाही. ह्यांना मी हे चारदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणतात, "चाळीस वर्षं मी धूर खाल्ला, आता धूर मला काय खाणार?"

बहिणीला माझ्याशिवाय कुणी नाही, मला जावंच लागेल. तू वरून बघतेस म्हणे सगळं. मग एवढं कर. त्या भट्टीवर लक्ष ठेव. तुझ्या साहेबिणीला सांगायची गरज नाही, घरचं काम आहे.

मामी

ता. क. दूध माझं उतू जात नाही. ह्यांना बघायला सांगितलं की उतू जातं.


२ एप्रिल

प्रिय मामी,

तुझं पत्र वाचलं आणि मामांची दोन्ही पत्रं काढून पुन्हा वाचली. मामी, मी ठार बावळट आहे. ते सहज विचारत होते आणि मी सहज सांगत सुटले. कधी जातो, कधी दिसत नाही, कशाने आंधळा होतो. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या, आणि वर कुठली किल्ली कुठल्या कुलपाची तेही समजावलं. ज्यांना मी माझे एकमेव वाचक समजत होते, ते वाचक नव्हतेच, गिऱ्हाईक होते.

लक्ष ठेवते. पण इकडे एक मोठंच प्रकरण सुरू झालंय. डोंगरापलीकडचं जंगल पेटलंय. धुराचा पट्टा तीन दिवस मी मांजरासारखी डोळ्यांत धरून बसले आहे. सकाळी तो दरीत बसून असतो, ऊन चढलं की उठतो आणि चालू लागतो. आत्तापर्यंत पूर्वेला जात होता. आता वारा फिरतोय आणि माझ्या हिशेबाने तो तुमच्या गावावर येणार, आणि या वेळी उंचावरून जाणार नाही, खाली बसणार. मी त्या भागावर "दाट" अशी खूण केली आहे. मामांना घरात बसायला सांग. मीही लिहिते आहे.

तुझी,
भिंगरी


२ एप्रिल

ती. मामांस,

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?

डोंगरापलीकडच्या वणव्याचा धूर ४ तारखेला तुमच्या गावावर बसणार आहे. खिडक्या बंद ठेवा, फटींना ओली फडकी लावा, आणि भट्टीजवळ फिरकू नका. हात जोडून सांगते.

भिंगरी


५ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. कसलं ताक आणि कसलं भांडं? पत्र चुकून माझ्या पत्त्यावर आलं असावं.

तुझा धूर मात्र बरोबर पत्त्यावर आला. सांगितलंस त्याच दिवशी. न्हाव्याला मी म्हटलं, बघ, भाची बोलली होती. तो खोकत होता, तरी मान डोलावली. सूर्य पितळेच्या ताटलीसारखा दिसतो आणि त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. टाकी दिसत नाही. कावळा तर नाहीच. रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळे दारं लावून आत. तुझी मामी परवाच बहिणीकडे गेली, म्हणून फटींना फडकी मीच लावली, तू सांगितलंस तशी. मी काही तुझं ऐकत नाही असं नाही.

एक गोष्ट सहज मनात आली. एवढा धूर असताना त्यात आणखी चिमूटभर कुणी मिसळला, तर ना शेजाऱ्याला कळणार, ना तुझ्या वरच्या डोळ्याला. ढगांनी आंधळे होतात, तर धुराने होतच असतील. केवळ ज्ञान म्हणून विचारतो. उत्तराची घाई नाही.

कच्ची भांडी अजून फडताळावरच आहेत. आज सकाळी त्यांतल्या मोठ्या रांजणाच्या काठावरून हात फिरवला. इतका सरळ काठ मला उभ्या आयुष्यात साधला नव्हता. आणि तो साधला कधी, तर डॉक्टरने "संपलं" म्हणायच्या आदल्या दिवशी.

तुझा,
मामा


९ एप्रिल

चि. भिंगरी,

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. आधी मुद्द्याचं सांगते. ते आहेत. श्वास घेतायत, नाकात नळी आहे, आणि नर्सला तिची औषधं ठेवायची वाटी कशी चुकीच्या मातीची आहे ते सांगतायत. म्हणजे बरे होतील.

मला बातमी न्हाव्याने फोनवर दिली. मग आगीच्या बंबावरच्या मुख्य माणसाला मी भेटले. तो म्हणाला, "आम्हाला सांगितलं वस्तीला लागून नवीन आग. आम्ही आग शोधत आलो, तर ही भट्टी, नुसती रसरसलेली." भट्टीसमोर लाकडांच्या ढिगाला टेकून हे बसलेले. हातात पुढे टाकायचं लाकूड तसंच धरलेलं. ओठ निळे. उठताही येत नव्हतं आणि हाक मारताही. चारी घरांची दारं-खिडक्या बंद. कुणाला कळलं असतं गं? संध्याकाळी कुणी बघितलं असतं, किंवा सकाळी.

दोघांनी ह्यांना उचलून तोंडावर हवेचा मुखवटा लावला आणि दोघांनी नळी धरून भट्टी विझवली. तापलेल्या भट्टीवर थंडगार पाणी. आतून भांडी फुटल्याचे आवाज यायला लागले, फटाफट. ते ह्यांना ऐकू आले, बघ! जन्मभर माझी हाक ऐकू आली नाही. मुखवटा बाजूला सारून म्हणाले, "गाढवांनो, भट्टी हळूहळू निववायची असते!" आणि शुद्ध हरपली. तो बंबवाला सांगताना स्वतःच हसत होता, आणि मग मला रडताना बघून पाणी आणायला गेला.

भिंगरी, तू त्या बंबवाल्यांना कसं पाठवलंस ते मला कळत नाही, पण पाठवलंस. बाकी भेटल्यावर.

मामी


११ एप्रिल

चि. भिंगरीस,

नळी लावलेल्या हाताने लिहितो आहे, अक्षर लावून घे.

रांजण फुटला. सगळंच फुटलं. तुझ्या आगवाल्यांनी भट्टीत इतकं पाणी ओतलं, की शेवटचं भांडं बाहेर निघेपर्यंत त्याचा पुन्हा चिखल व्हायचाच काय तो बाकी होता. आणखी दोन तास मिळाले असते तर भाजणी पुरी होत होती. दोनच.

आशीर्वाद लिहायचे राहिले. ते आज देत नाही.

फक्त एक विचारतो. तो कडक नजरेवाला म्हणे धुरातूनही आगीची ऊब बघतो आणि नकाशावर लाल ठिपका उमटतो. इथल्या डॉक्टरने सांगितलं, त्याला बंबवाल्याने सांगितलं. मला कुणी सांगितलं नाही. ते जाऊ दे. पण तो ठिपका माझ्या अंगणात पडला होता. माझं अंगण तुला ठाऊक आहे, तिथे तू रांगलीस. तो जंगलाचा वणवा नव्हे, मामाची भट्टी आहे, हे तुला कळलं नव्हतं का? कळलं नसेल तर तुझ्या शिक्षणावर पाणी पडलं. आणि कळलं असेल तर काय म्हणायचं ते मला सुचत नाही.

मामा


१६ एप्रिल

ती. मामांस,

कळलं होतं.

ठिपका उमटल्याबरोबर कळलं. मी नकाशा मोठाही केला नाही. दुपारची वेळ होती, शब्दकोड्याची. कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही मामा, आणि धूर पांघरला म्हणून भट्टीची ऊब लपत नाही. पाचशे गोष्टी मी तुम्हाला सांगितल्या आणि नेमकी ही राहिली. तेव्हा अर्धी चूक माझी.

मी आधी तुमच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. मग न्हाव्याच्या दुकानात लावला, दुकान बंद. त्या धुरात तोंडाला मुखवटा लावून घराबाहेर पडू शकतील अशी माणसं फक्त बंबावर होती.

आता आमच्या कामाची रीत सांगते, म्हणजे मी काय केलं ते समजेल. नवा ठिपका दिसला की तो आम्ही आगीच्या चौकीला कळवतो. सोबत एक शेरा असतो, "आम्हाला काय वाटतं." तिथे मी "भट्टी असावी" एवढंच लिहिलं असतं, तर चौकीने तुम्हाला फोन केला असता आणि तो वाजत राहिला असता. गाडी निघाली असती, पण सगळे वणवे विझवून झाल्यावर. मी शेऱ्याची जागा कोरी सोडली. कोऱ्या शेऱ्याचा ठिपका वस्तीजवळ असला की गाडी सर्वांत आधी निघते. तुमची भट्टी मी आग म्हणून पाठवली, मामा. तुम्ही कुठल्या धुरात बसला आहात ते मला माहीत होतं. त्याच्यावर "दाट" मीच लिहिलं होतं.

मोठ्या बाईंनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "आणि त्याच वेळी गाडी दुसरीकडे लागली असती तर?" त्या दिवशी लागली नाही, हे माझं नशीब. मला महिनाभर ठिपक्यांवरून काढून धूळ आणि धुकं ओळखायला बसवलंय. ते बरोबरच आहे. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा जागा कोरी सोडेन. तुमचा रांजण फुटला याचं मला वाईट वाटतं. खूप वाटतं, त्याचा काठ तुम्ही मला पत्रात दाखवला होता. तुम्ही नाही फुटलात याचं त्याहून जास्त बरं वाटतं. यावर रागवायचं असेल तर खुशाल रागवा, आशीर्वाद मी साठवून ठेवीन.

एक सरकारी काम उरलंय. आमच्याकडे नेहमीच्या उष्ण जागांची एक यादी असते, पोलादाचे कारखाने, विटांच्या भट्ट्या वगैरे. यादीतल्या जागेवर ठिपका उमटला तर कुणी दचकत नाही आणि गाडी निघत नाही. मोठ्या बाई म्हणतात तुमचं अंगण या यादीत घालून टाक, म्हणजे पुन्हा असा घोळ नको. नियमाने ते बरोबर आहे. पण एकदा घातलं, की तुम्ही तिथे काही पेटवलंत तरी मला कळणार नाही. आणि मामीला कुणी कळवणार नाही. कागद माझ्यासमोर पडलाय. तुम्हाला न विचारता मी तो भरणार नाही.

काय करू?

भिंगरी


२४ एप्रिल

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. मागचे राहिलेलेही यातच धर.

घरी आलो. जिना चढायला बंदी, म्हणून खाट खालच्या खोलीत आणली आहे. तुझ्या मामीने अबोला धरला होता. मला तो तिसऱ्या दिवशी लक्षात आला, मग ती आणखी चिडली आणि बोलायला लागली. आता थांबत नाही. न्हावी घरी येऊन दाढी करून जातो आणि जाताना सांगतो की सगळ्या गावात माझ्या एकट्याच्या घरावर उपग्रहाचं लक्ष आहे. गिऱ्हाइकांना तो बोट दाखवून घर दाखवतो.

मी पुष्कळ रागावलो होतो. तुझं पत्र आलं तेव्हा ते उशीखाली दोन दिवस न उघडता ठेवलं. उघडलं, तर पहिलाच शब्द "कळलं होतं." मनात म्हटलं, निदान खोटं तरी बोलत नाही, माझ्यावर गेली नाही. मग पुढचं वाचलं. तुला नोकरीत बोलणी खावी लागली ती माझ्यामुळे. याचं मला वाईट वाटतं, आणि ते न्हाव्याकडून कळवण्यापेक्षा मीच लिहिलेलं बरं.

खरं सांगू? त्या दुपारी लाकूड हातात होतं आणि ते टाकायला हात उचलेना. भट्टी डोळ्यांसमोर होती. मी भीत नाही असं तुझ्या मामीला चाळीस वर्षं सांगत आलो. त्या वेळी भीती वाटली. हाक मारावीशी वाटली आणि छातीत हाक मारण्यापुरती हवा नव्हती. तेव्हा गाडीचा भोंगा वाजला. मला तो ऐकू आला नाही म्हणा, पण गाडी दिसली.

आज दुपारी खुर्ची घेऊन मागच्या अंगणात बसलो. मामीने बसू दिलं, खिडकीतून पहारा ठेवून. भट्टी उघडली. राख भिजून घट्ट झाली होती. तुकडे काढले, सगळे. रांजणाच्या काठाचा एक मोठा तुकडा निघाला, तोही फेकला. न्हावी दोन गडी घेऊन आला होता. विटा उचलून नेल्या, त्याला परसात ओटा बांधायचाय. चांगल्या विटा आहेत, आणखी पन्नास वर्षं टिकतील. आता तिथे जमिनीवर नुसता चौकोन उरलाय, काळा. पाऊस पडला की तोही जाईल.

तेव्हा माझं अंगण तुझ्या यादीत घालू नकोस. तुझ्या मोठ्या बाईंना माझ्या नावाने सांग, की ही जागा आता नेहमीची उष्ण राहिली नाही. यापुढे तिथे कधी ठिपका दिसला, तर मामा काहीतरी उद्योग करतोय असं समजून थांबू नकोस, आणि फोन लावत बसू नकोस. ती आग माझी नसेल. गाडी पाठव.

तुझा,
मामा